काठाचं काम

रंकाळ्यावर जाणारी माणसं पाण्यासाठी जातात असं मला कधी वाटलेलं नाही. संध्याकाळी तिथं नुसतं उभं राहून बघावं. निम्मं गाव पाण्याकडं पाठ करून भेळ खात असतं. उरलेलं निम्मं चालत असतं आणि चालता चालता ऊसदरावर भांडत असतं. पाण्याकडं टक लावून बघणारा एखादाच, तोही बहुधा बाहेरगावचा पाहुणा, पाण्यातला संध्यामठ दाखवायला आणलेला. आपण जातो ते काठावर. टेकायला दगड, पाय सोडायला जागा आणि अंगावर येणारा ओला वारा एवढं मिळालं की कोल्हापूरकराचं तळ्याकडं दुसरं काही मागणं नसतं.

घरामागच्या परसात छोटं तळं करायचं ठरलं तेव्हा हे डोक्यात पक्कं होतं. पण तळं म्हटलं की जो तो पहिल्यांदा विचारतो, खोल किती? काठ कसा करणार, हे काही कुणी विचारत नाही.

आमचं घर पाचगावच्या चढाला. वर वीतभर माती आणि खाली मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडते म्हणायला हरकत नाही. आणि कोल्हापुरात कुदळीचा आवाज झाला की प्रेक्षक बोलवावे लागत नाहीत. कंपाउंडवरून पहिलं डोकं शेजारच्या तात्यांचं.

"काय ओ वहिनी, ड्रेनेजची टाकी काय?"

"न्हाई ओ तात्या, तळं करायलोय."

"तळं? का, रंकाळा आटला काय?"

एवढं बोलून ते आत आले आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले, ते चहा होईपर्यंत. त्यांचा तोडगा अस्सल कोल्हापुरी होता. "माझ्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळात जुनी काहिल पडून हाय. सात-आठ फूट रुंद. पुरून टाका, पाणी वता, विषय संपला." कल्पना मला मनापासून आवडली. पण काहिल रुंद आणि उथळ असते ती उसाच्या रसातलं पाणी भराभर उडून जावं म्हणून. तळ्याचं काम नेमकं उलटं. एप्रिलच्या उन्हात उथळ पाणी कढत होतं आणि संध्याकाळपर्यंत बोटभर खाली जातं. माशांची काकवी करायची नसेल तर मध्यभागी निदान दोन फूट खोली पाहिजे.

खड्डा मारायला आलेल्या मिस्त्रींचं मत वेगळं होतं. "ताई, आरसीसी करूया. बारा एमएमची सळी टाकतो. तुमची नातवंडं पवायला शिकतील." मिस्त्री लोकांना लहान काम सांगितलं की वाईट वाटतं. सिमेंटचं तळं टिकतं, नाही असं नाही. पण नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरत राहतो आणि त्या पाण्यात मासे तगत नाहीत. टाकी भरायची, काही दिवस ठेवायची, ओतून द्यायची, पुन्हा भरायची. त्यात केळीचे खुंट टाकून ठेवणारेही आहेत. एवढं करून पुढं कधीतरी जमीन जराशी हलते, केसाएवढी चीर पडते आणि पाणी कुठं जातंय ते शोधण्यात उन्हाळा जातो. काळ्या जमिनीत तर हे ठरलेलंच. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि सिमेंट बिचारं मधल्या मध्ये अडकतं.

जुन्या रीतीनं काळ्या मातीचा चिखल तुडवून तळाला थापता येतो. मला तो प्रकार फार देखणा वाटतो. पण मुरमाच्या जमिनीवर तो थर जाड लागतो, आणि पाणी खाली गेलं की उघडी पडलेली माती तडकते. चिखलाला कायम ओलं राहायचं असतं. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल यावर घराचं वेळापत्रक बसतं, तिथं मातीचे असले लाड परवडणारे नव्हते.

म्हणून मग शेततळ्याचा कागद. जत-आटपाडीच्या डाळिंबवाल्यांना हे सांगावं लागत नाही. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आल्यापासून तर गावोगावी हा काळा कागद लोकांच्या तोंडात बसला. नाव कागद, माल जाड प्लास्टिकचा. 500 मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. शाहूपुरीत शेतीच्या सामानाच्या दुकानात गेले, तर दुकानदारानं वहीतून मान वर न करता विचारलं, "किती गुंठ्याला?" मी म्हटलं, आठ फूट बाय पाच फूट. तेव्हा त्यानं मान वर केली. एका मोठ्या शेततळ्याच्या कामातला उरलेला तुकडा त्याच्याकडं पडून होता. तो त्यानं अशा चेहऱ्यानं दिला की मी बाहुलीच्या लग्नाला शालू घ्यायला आले असावे.

मापाचा हिशेब सोपा आहे, पण दुकानात उभं राहून केला तर हमखास कमी पडतो. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची, कारण कागद एका बाजूनं खाली उतरतो आणि दुसऱ्या बाजूनं वर चढतो. वर दोन्ही काठांना फूट फूट सोडायचं. म्हणजे 8 फुटांना 14 आणि 5 फुटांना 11. काठाला सोडलेला हा फूट लोकांना उधळपट्टी वाटते. तात्यांना तर वाटलीच. "एवढा कागद काय मातीत गाडायचा?" व्हय, मातीतच गाडायचा.

अंथरण्याआधी खड्ड्याचा तळ हातानं चाचपायचा. डोळ्याला न दिसणारा मुरमाचा टोकदार खडा तळव्याला कळतो. पुढं वर हजारभर लिटर पाणी चढलं की तोच खडा कागदातून डोकं वर काढतो. खडे वेचले, बारीक वाळू पसरली, त्यावर खताची धुतलेली पोती आणि आमच्या आत्तींची एक जुनी वाकळ. आत्ती म्हणजे सासूबाई. वाकळ द्यायला त्या तयार नव्हत्या. मग कागद कोपऱ्यात बसेना हे बघून त्या स्वतःच पदर खोचून खड्ड्यात उतरल्या.

सपाट कागद गोलसर खड्ड्यात घातला की कोपऱ्याला चोळामोळा होतो, हे कुणाच्याही लक्षात येईल. मी आणि मिस्त्री तो ताणून सपाट करू बघत होतो. आत्तींनी आमचे हात बाजूला केले. "वडू नका. थांबा, मी घालतो निऱ्या." कोपऱ्यातला सगळा ढिला भाग त्यांनी आधी एकत्र गोळा केला. मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वीत वीत रुंदीची घडी धरत, एकीवर एक, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, अशा चार घड्या पाडल्या. लुगड्याच्या निऱ्या पडाव्यात तशा त्या पडल्या. वरून तळहात फिरवून दाबल्या, त्यावर पायाचा अंगठा ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता सोड पाणी. वजन आलं की बसतंय." खरंच बसलं. पाणी चढत गेलं तसा कागद आपोआप भिंतीला चिकटत गेला. आधीच ताणून खिळवला असता तर याच वजनानं तो फाटला असता. मिस्त्रींनी काही बोलायच्या ऐवजी तंबाखू मळायला घेतली.

इथवरचं काम एका दिवसाचं. तळ्याचं खरं काम इथून पुढं.

पाणी आणि काठ यांचं भांडण फुटपट्टीनं मिटत नाही. डोळ्याला सपाट दिसणारी जमीन पाणी भरल्यावर एका बाजूला कललेली निघते. एका काठाला पाणी सांडायला आलेलं असतं, तेव्हा समोरच्या काठाला इंचभर काळा कागद उघडा. तो पट्टा नुसता वाईट दिसतो एवढंच नाही. उन्हात उघडा राहिलेला कागद पाण्याखालच्या कागदाच्या कितीतरी आधी जीव सोडतो. म्हणून गवंड्यांची ती पारदर्शक नळी. दोघांनी दोन टोकं धरायची, नळीत पाणी भरायचं, आतला बुडबुडा काढायचा, आणि दोन्ही टोकांचं पाणी जिथं थांबेल तिथं खूण. दुकानात लेझरची यंत्रं मिळतात, मिस्त्रींकडंही होतं म्हणे. पण त्यांनी नळीच काढली, आणि माझ्या मनात त्यांची किंमत तिथं वाढली.

खुणेप्रमाणे काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच घेतला. नाहीतर पहिल्याच वळवाला परसातला सगळा चिखल तळ्यात. मग जांभ्या दगडाचे तुकडे, निम्मे पाण्याकडं झुकलेले. आणि त्यांच्या मागं कागदाचं टोक उभं. आडवं नाही. तात्यांना उधळपट्टी वाटलेला फूटभर कागद इथं कामी येतो. कागदाचं टोक आडवं पाडून त्यावर माती ओढली की ती माती पाणी पिते, तिच्यातून शेजारची माती पिते, पुढं हिरवळ पिते, आणि कुठंही भोक नसताना तळं रोज उतरतं. लोक मग पाणी काढून भोक शोधत बसतात. त्याआधी साधी परीक्षा करावी. काठाला एक बादली भरून ठेवायची आणि दोन्हींत पातळीची खूण करायची. ऊन दोघांनाही सारखंच लागतं. तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं तर पाणी चोरीला चाललंय, आणि चोर बहुतेक वेळा तळाला नसतो, काठाला असतो.

एका बाजूला काठ उतरता ठेवला, दगडगोट्यांचा. खारी, सरडे, शेजारची मांजरं पाण्याशी येतात, एखादं आत पडतं, आणि ओल्या प्लास्टिकवर नख रुतत नाही. चढायला वाट हवी. बेडकांनी तर ती आपल्यासाठीच केली असं धरून चालायला सुरुवात केली. वेखंड आणि अळू त्याच बाजूला, फूटभर खोलीच्या पायरीवर. मध्यभागी कुंडीत एक कुमुद. कुमुदाला ऊन भरपूर लागतं, म्हणून तळं आंब्याखाली केलं नाही. आंब्याखाली ते फार छान दिसलं असतं आणि पानं कुजून महिन्यात काळं पडलं असतं. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, मात्र कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही. पंचगंगेचं तिनं काय होतं ते पुलावरून जाताना दिसतंच.

जुन्या कोल्हापुरात पेठापेठांत तळी होती. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली. भाजी घेताना आपण 'कपिलतीर्थात जाऊन येतो' म्हणतो आणि कुणाचेही पाय ओले होत नाहीत. गांधी मैदानात मात्र मोठा पाऊस झाला की पाणी साचतं. पाण्याला अजून तो पत्ता पाठ आहे. कोटीतीर्थ आणि रंकाळा राहिले. माझा आपला अंदाज असा की ज्या तळ्याच्या काठाला माणसांची ऊठबस राहिली त्याला बुजवायला हात धजावत नाही. याला पुरावा वगैरे काही नाही, भेळ खाताना सुचलेलं आहे.

पहिले काही आठवडे पाणी हिरवंगार झालं. सगळे नवे पाणवठे होतात. बदलायच्या भानगडीत पडू नये, झाडं वाढून पाण्यावर सावली धरतात तसं ते निवळतं. त्याच दिवसांत आरोग्य खात्याच्या ताई टॉर्च घेऊन घरोघरी पाण्याची भांडी तपासत आल्या. फ्रिजमागचा ट्रे, टेरेसवरचं पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, आणि मग मागच्या दारी हे.

"हे काय ओ ताई? आम्ही आठवड्यातनं एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतोय, आणि तुम्ही खड्डा खणून पाणी भरलाय?"

त्यांचं चुकत नव्हतं. डेंग्यूचा डास बहुधा स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यांनी टॉर्च मारून बराच वेळ पाणी बघितलं. अळी नव्हती, गप्पी मासे होते. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर सोडलेले. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, त्यामुळं मूठभर माशांचं गाव व्हायला वेळ लागत नाही. ताईंनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि जाताना पुढच्या गल्लीतल्या हौदासाठी एका डब्यात थोडे गप्पी मागून नेले. ओढ्यात किंवा रंकाळ्यात मात्र ते कुणी सोडू नयेत. हा मासा आपल्याकडचा नाही, आणि तिथल्या लहान माशांचा घास तो खातो.

ढोकरी, म्हणजे तळ्याकाठचा छोटा बगळा, येते. काठावर ध्यान लावून बसते आणि एक गप्पी कमी करून जाते. आत्ती तिला हाकलत नाहीत. दिवड साप निघाला तेव्हा मात्र त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज केला. बिनविषारी आहे, बेडकामागं आलाय, हे मी सांगत होते. त्यांचं म्हणणं, त्याला ते म्हाईत हाय काय?

जुलैत कोल्हापूरकराचा दिवस एकाच आकड्यानं सुरू होतो, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याशी किती फुटांवर? 39 ही इशारा पातळी, 43 धोक्याची. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर हे आकडे पोरांनाही पाठ झालेत. आमचा चढ पुरापासून लांब, त्यामुळं तात्यांना त्या दिवसांत काळजी करायला स्वतःचं काही नसतं. त्यांनी ती आमच्या तळ्यात शोधली. एका सकाळी बघते तर काठाच्या जांभ्यावर खडूनं दोन रेघा. खालच्या रेघेवर 'इशारा', वरच्या रेघेवर 'धोका'. पावसानं खडू धुऊन गेला, तर त्यांनी ऑइलपेंट आणला.

आता पाऊस लागला की छत्री धरून कंपाउंडशी उभे.

"वहिनी, पातळी?"

"इशाऱ्याच्या वर गेलीया, तात्या. बोटभर राहिलंय धोक्याला."

"मग दरवाजे उघडले का न्हाई?"

दरवाजा म्हणजे काठात बसवलेला दीड इंची पाइप. त्यातून जादा पाणी बाहेर पडतं ते सरळ अळूच्या वाफ्यात. कचऱ्यानं तो तुंबतो, म्हणून तोंडाला जाळी आहे आणि जाळीशी बोट घालायचं काम माझ्याकडं. पानं काढली की पाणी भसकन सुटतं.

"उघडला, तात्या. विसर्ग सुरू."

"नदीकाठच्या गावांना सतर्क केलासा काय?"

नदीकाठावर आत्ती असतात, विळी घेऊन. यंदा अळू इतका माजलाय की वड्या खाऊन तात्यांच्या घरचेही कंटाळलेत, पण पातळी विचारायला यायचं ते काही थांबवत नाहीत.