कुठे उतरणार?

मुंबई लोकलच्या लेडीज डब्यात बसलेलीची सीट मागायला हा प्रश्न एका शब्दात विचारतात. ‘कुठे?’ बसलेलीनं उत्तरही एका शब्दात द्यायचं. ‘कुर्ला.’ मग विचारणारी म्हणते, ‘माझी हं,’ की व्यवहार पुरा. पावती नाही, सही नाही. साक्षीदार मात्र आजूबाजूला दहा-बारा. नंतर आणखी कुणी विचारलं तर आपण ‘दिलीय’ म्हणायचं आणि हनुवटीनं पहिलीकडे खूण करायची, कारण हात पर्समध्ये अडकलेला असतो. मग ती दुसरी पहिलीला विचारते, ‘तुम्ही कुठे?’ ती ‘भायखळा’ म्हणाली तर भायखळ्यापासून पुढची सीट हिची. भायखळा ते सीएसएमटी म्हणजे जेमतेम सात-आठ मिनिटं, पण तीही ठाणं यायच्या आत बुक झालेली असतात.

डोंबिवलीहून बावीस वर्षं मी या बाजारात उभी आहे. अधूनमधून बसलेलीही आहे.

घरात पसारा झाला की आई म्हणायची, ‘काय अराजक माजवलंय!’ त्यामुळे अराजक म्हणजे उशांचे अभ्रे जमिनीवर आणि दूध उतू गेलेलं, अशीच माझी समजूत होती. सरकार, मालक, पोलीस यांच्यावाचून माणसं आपापसात नीट राहू शकतात असं मानणारा एक विचार जगात आहे, त्याला मराठीत अराज्यवाद असा वेगळा, बरा शब्द आहे, हे फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी चौथ्या सीटवर होते, म्हणजे तिघींच्या बाकावर अर्धी आणि अर्धी हवेत. ही चौथी सीट रेल्वेच्या कुठल्या कागदावर नाही. तरी ती नाकारणाऱ्या बाईकडे अख्खा डबा असा बघतो की टीसीनं काय बघावं!

या विचाराच्या मोठ्या माणसांपैकी मला आवडतो तो प्योत्र क्रोपोत्किन. जन्मानं रशियन प्रिन्स, अभ्यासानं भूगोलाचा माणूस. तरुणपणी सैबेरियात हिंडला. तिथल्या थंडीत प्राणी एकमेकांना फाडून जगतात त्यापेक्षा एकमेकांना धरून तगतात, असं त्याला दिसलं. त्यावरचं त्याचं पुस्तक १९०२ साली आलं. त्याच्या कितीतरी आधी, १८७६ मध्ये, तो कैदेत असताना लष्करी इस्पितळातून दिवसाढवळ्या पळून गेला होता, तो किस्सा वेगळाच. पण माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती रेल्वेवरून. युरोपातल्या रेल्वे वेगवेगळ्या कंपन्यांनी तुकड्यातुकड्यानं बांधल्या आणि मग जोडल्या. माद्रिदहून पीटर्सबर्गला जाता यावं म्हणून कुणी रेल्वेचा बादशहा नेमला नाही. कंपन्यांनी पत्रं लिहिली, माणसं पाठवली, बसून जुळवून घेतलं. आपलं म्हणणं पटवायला त्यानं हा दाखला दिला होता. त्याला एकदा आमच्या आठ अठराच्या फास्टमध्ये चढवायला हवं होतं. चढवायला म्हणजे काय, दारात नुसतं उभं राहायचं, बाकीचं मागच्या बायका करतात.

(एक अराज्यवादी मुंबईत राहूनही गेला. एम. पी. टी. आचार्य, मूळचे मद्रासचे. १९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्ष स्थापन करणाऱ्यांत होते, मग तिथं बिनसलं. १९३५ साली मुंबईत आले, १९५४ मध्ये इथंच वारले. लोकलमध्ये त्यांना कुणी चौथी सीट दिली असेल का, हा विचार माझ्या मनात उगाच येतो.)

नियमांवर गाड्या चालतात असं आपण समजतो. मग रेल्वेतल्याच काय, कुठल्याही खात्यातल्या कर्मचाऱ्यांना संपाऐवजी नुसतं ‘नियमानुसार काम’ करायचं हत्यार का सापडावं? पुस्तकातला प्रत्येक नियम अक्षरशः पाळला की सगळं रखडतं. म्हणजे एरवी कुणीतरी न सांगता, न लिहिता काहीतरी सांभाळून घेत असतं. आमच्या डब्यात ते कोण करतं हे मला माहीत आहे. दोन बाकांच्या मध्ये उभी असते तिला विचारायचा पहिला हक्क. खिडकीतली उठली की सगळ्यांनी आत सरकायचं आणि नवीन आलेलीनं कडेला बसायचं. दिवस गेलेल्या बाईनं विचारायचंच नाही, दुसऱ्यांनी उठायचं. उतरायचं नसेल तर दारात थांबायचं नाही. थांबलात तर तुमच्या आई-वडिलांपर्यंत चौकशी होते.

आणि कायदा मोडला तर?

एकदा मी मोडला. कुर्ल्याची सीट एका बाईंना दिली होती. घाटकोपरला माझी जुनी मैत्रीण चढली आणि मी उठताना हळूच तिला खेचून बसवलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत. समोरच्या मात्र म्हणाल्या, ‘असू दे, आपल्याला तोंड ओळखीचं झालं.’ दुसऱ्या दिवशी मी ‘कुठे?’ विचारलं. ‘दिलीय.’ पुढच्या बाकावर, ‘दिलीय.’ तिसरी मोबाइलमधून वर बघेना. तीन आठवडे मी डोंबिवली ते कुर्ला उभी. ना दंड, ना तक्रार, ना अपील. शेवटी गणपतीच्या आधी मी त्या बाईंना डब्यातच मोदकाच्या साच्याचा पत्ता विचारला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, ‘सरकते, बसा चौथीवर.’

याचं मला कौतुक वाटतं, आणि भीतीही. कारण तेच ‘दिलीय’ निर्दोष माणसांवरही चालतं. ज्या डोंबिवलीवाल्या सीटसाठी उलट कल्याणपर्यंत जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात, त्यांच्यावर कल्याणच्या बायका जळफळतात. पास डोंबिवलीपासूनचा असेल तर रेल्वेचा नियमही कल्याणच्या बाजूनं आहे, आणि मला तो त्या वेळी अजिबात आठवत नाही. तिकडे पश्चिम रेल्वेवर, लांबच्या विरार गाडीत मधल्या बोरिवलीवाल्यांनी चढून दाखवावं. ग्रुपच्या बायका रुमाल टाकून जागा धरतात, तो रुमाल उचलायची कुणाची टाप नाही. दसऱ्याला त्याच बायका डब्याला तोरण बांधतात, पेढे वाटतात, मलाही देतात. राजा नसला तरी ‘आपली माणसं’ असतातच, आणि त्यात बसत नाही तिला दिवसभर उभं राहावं लागतं.

परवा एक मुलगी दिसली. नवीन. बहुतेक पहिली नोकरी, ओळखपत्राची फीत अजून कडक. ती सगळ्यांना हिंदीत पूर्ण वाक्यात विचारत होती, ‘दीदी, आप कहाँ उतरेंगी?’ सगळ्यांकडून एकच उत्तर, ‘दिया है.’ खरं म्हणजे दोघींची कुणालाच दिलेली नव्हती, मी ठाण्यापासून ऐकत होते. माझ्यापाशी आली तेव्हा मी म्हटलं, ‘कुर्ला. तुम बैठना.’ आणि वर शिकवलंही, ‘सिर्फ कुठे पूछने का.’

‘कुठे?’ ती म्हणाली. ‘ठ’ जरा मऊ पडला.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, ‘अहो, कुर्ल्याची मी मघाशीच मागितली होती ना तुमच्याकडे?’ मागितली होती का? मला आठवेना. शेजारची म्हणाली मागितली होती, समोरची म्हणाली नाही, खिडकीतली म्हणाली तिनं काही ऐकलं नाही पण मागितलीच असणार. घाटकोपर येऊन गेलं. मी उठायला लागले तर तिघी एकदम म्हणाल्या, ‘थांबा हो, आधी ठरू दे.’