पिवळी ज्योत, निळी ज्योत

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका शाळेत मी विज्ञान प्रयोगशाळेची सहायक म्हणून लागले. लहानपणी आमच्या शाळेत होता तो स्पिरिटचा दिवा, तोही बाईच पेटवायच्या. आम्ही माना उंचावून बघायचो. इथे ११ वर्षांची पोरं स्वतः बन्सन बर्नर, म्हणजे प्रयोगशाळेतला गॅसचा बर्नर, पेटवतात. त्याआधी त्यांची छोटी परीक्षा होते आणि पास झालं की कागदाचं ‘लायसन्स’ मिळतं. केस बांधलेले, टाय शर्टात खोचलेला, गॉगल डोळ्यांवर (कपाळावर नव्हे!), स्टूल टेबलाखाली. काम उभ्यानेच, काही सांडलं तर झटकन मागे सरता आलं पाहिजे.

माझा गोंधळ उडाला तो रंगावरून. घरी शेगडी पिवळी जळू लागली की आई बर्नर काढून घासायला बसायची. इथे बाई सांगत होत्या, पिवळी ती सुरक्षित ज्योत! मला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

बर्नरच्या नळीला खाली भोक असतं आणि त्यावर फिरतं कडं. भोक बंद असलं की गॅसला हवा कमी पडते, काजळीचे कण तापून पिवळे चमकतात आणि ज्योत लांबूनही दिसते. भोक उघडलं की ती निळी होते, कितीतरी जास्त तापते, आणि खिडकीतून ऊन आलं की दिसेनाशीच होते. मग वहीकडे जाणारा हात थेट तिच्यावरून जातो. म्हणून पेटवताना भोक बंद, आणि तापवणं थांबलं की पुन्हा बंद. गंमत म्हणजे १८५५ च्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये, ज्याच्या नावाचा हा बर्नर त्या रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनला हवी होती ती ही न दिसणारीच ज्योत. तिच्यात क्षार धरला की रंग फक्त क्षाराचा दिसावा म्हणून.

दुसरी सवय मोडली ती क्रमाची. घरी मी गॅस सोडून मग लायटर शोधायची. इथे आधी काडी, मग गॅस. रबरी नळी वाकवून चिरा बघणं माझ्याकडे. एकदा गॅस कमी आणि भोक उघडं राहिलं, तर ज्योत बर्नरच्या नळीत शिरून तळाशीच जळायला लागली. मी बर्नर उचलायला हात पुढे केला. बाईंनी मला थांबवून आधी टेबलावरचा गॅसचा कॉक बंद केला. ती नळी बराच वेळ हात लावण्यासारखी नव्हती.

कितीही सांगा, दोनचार पोरं पिवळ्या ज्योतीवरच परीक्षानळी तापवतात. सुरक्षित म्हटलं होतं ना! त्या काळ्याकुट्ट नळ्या मग माझ्याच मोरीत येतात.