शाळा की शाया? वाचन-शुद्धलेखनासाठी मोबाइल

अहिराणी (खानदेशातली बोली) बोलणारं मूल श्रुतलेखनात ‘शाळा’चं ‘शाया’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ लिहितं, ते कानाने ऐकलेलं लिहितं. घरी ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’. म्हणून नुसतं लाल पेनाने गोल करून काही होत नाही. आधी फरक ऐकू यायला हवा.

त्यासाठी स्टोरीवीव्हर. ‘प्रथम बुक्स’चं हे गोष्टींचं मोफत ऑनलाइन भांडार. भाषा मराठी, पातळी १ निवडा. पानावर मोजकीच वाक्यं. आवाजासह असलेल्या गोष्टीत बोललेला शब्द रंगतो. पहिल्यांदा फक्त ऐकू द्या, दुसऱ्यांदा बोट फिरवत सोबत, तिसऱ्यांदा आवाज बंद. मग ‘ळ’, ‘ण’ असलेले पाचच शब्द वहीत. दहा नकोत, मूल कंटाळतं. नेट रडतं तिथे गोष्ट आधीच पीडीएफ करून ठेवा.

बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत उतरवता येतात. ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. व्हिडिओ मात्र लांब असला तर तुकड्यांत दाखवा.

ऱ्हस्व-दीर्घासाठी जोड्याच उपयोगी: विहीर–विहिरीत, फूल–फुलाला. शेवटचं अक्षर दीर्घ (पाटी, चाकू), पण ‘आणि’ अपवाद. हा सराव मोबाइलवर टाइप करून घेऊ नका. कीबोर्डच शब्द सुचवतो, चूक झाकली जाते आणि परीक्षेत बाहेर येते. पाटी-पेन्सिलच बरी.