आमची वाटचाल : एक्सटेन्शन बदलणाऱ्यांच्या गर्दीत

आमचं काम व्हिडिओच्या फायली फोनवर चालतील अशा बदलून, म्हणजे कन्व्हर्ट करून देण्याचं. आमच्याकडे कामाला आलेल्या नव्या मुलाला आम्ही सुरुवातीला कन्व्हर्ट करायला काही देतच नाही. मीडियाइन्फो हे फाईलची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडायचं आणि फाईल वाचायची. कंटेनर (चित्र-आवाज ठेवायचा डबा) कोणता, कोडेक (ते दाबायची पद्धत) कोणता, त्या पद्धतीची प्रोफाइल आणि लेव्हल, म्हणजे पायरी काय, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) स्थिर की बदलता, पिक्सेल चौरस आहेत का, आवाज एएसीत की डीव्हीडीवर असतो तसा एसी-३ मध्ये. हे वाचता आलं की निम्मं काम झालं. बाहेर मात्र समज असा, की आम्ही फाईलच्या नावातलं एक्सटेन्शन, म्हणजे शेवटचं ‘एव्हीआय’ खोडून ‘एमपी४’ लिहितो आणि बिल लावतो. तसं करणारेही होते. त्यांच्याकडे येतोच.

सुरुवात थ्रीजीपीच्या, म्हणजे जुन्या साध्या फोनवरच्या व्हिडिओ फायलींच्या काळातली. १७६ बाय १४४ चं चित्र, एच.२६३ चा व्हिडिओ आणि एएमआरचा आवाज. एएमआर घडवला फोनवरच्या बोलण्यासाठी, त्यामुळे त्यात गाणं टाकलं की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटे. माझा तेव्हाचा भागीदार कमांड लाइनवरचा माणूस. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आधी एमएनकोडर, मग एफएफएमपेग ही कन्व्हर्ट करणारी सॉफ्टवेअरं, आणि प्रत्येक हँडसेटसाठी त्याने लिहिलेली वेगळी बॅच फाईल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची यादी: स्क्रीन केवढी, प्लेअर कोणता, किती बिटरेटला (सेकंदाला खर्च होणाऱ्या डेटाला) अडखळतो. ही माहिती कुठे छापलेली नसे. फोन हातात घेऊन, फाईल अडेपर्यंत बिटरेट वाढवत नेऊन काढलेली. पुढे तो दुसऱ्या कामाकडे वळला, भांडण वगैरे काही नाही. त्याच्या काही बॅच फायली अजून चालतात.

२००७ मध्ये आयफोन आला आणि गणित बदललं. एच.२६४ हा नवा कोडेक चालणार, पण बेसलाइन या त्याच्या सर्वांत साध्या प्रोफाइलमध्ये, ६४० बाय ४८० पर्यंत. एव्हीआय, डिव्हएक्स यांना प्रवेश नाही. बेसलाइनमध्ये बी-फ्रेम नाहीत, कॅबॅक नाही, ही जागा वाचवणारी तंत्रंच नाहीत, म्हणजे त्याच दर्जाला फाईल मोठी होणार. मेमरी तर मोजकी. मग टू-पास लावून, म्हणजे फाईल दोनदा चाळून, एकेक किलोबिट कुठे खर्च करायचा ते ठरवायचं. एक्स-२६४ सारखा एनकोडर (एच.२६४ फाईल बनवणारं सॉफ्टवेअर) मिळाला नसता तर हे जमलंच नसतं, आणि तो फुकट वाटणाऱ्यांचे आभार कोणी मानत नाही, म्हणून इथे मानतो.

त्याच सुमारास भौतिकशास्त्राचे एक सर आमच्याकडे आले. व्याख्यानांच्या डीव्हीडी, आणि सोबत दुसरीकडून करून आणलेली एक फाईल. म्हणाले, “यात माझी वजाची चिन्हं गेली आहेत.” खरंच गेली होती. काळ्या फळ्यावरची खडूची बारीक रेघ कमी बिटरेटला आधी मरते. एनकोडरच्या लेखी तो फळ्यावरचा डाग. समीकरण उरतं, चिन्ह जातं, आणि मुलांचं उत्तर चुकतं.

आम्ही डीव्हीडीवरचं मूळ एमपेग-२ घेतलं. ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींत विभागलेलं चित्र), पिक्सेल चौरस नाहीत. आधी यॅडिफ या फिल्टरने डीइंटरलेस, म्हणजे ओळी जुळवून अखंड चित्र, मग प्रमाण दुरुस्त, मग सर ज्या बाजूला लिहीत तेवढाच फळा क्रॉप. आणि की-फ्रेम, म्हणजे जिथून प्लेअर थेट सुरू होऊ शकतो ते पूर्ण चित्र, दर दोन सेकंदांनी. एक्स-२६४ ची मूळ सेटिंग २५० फ्रेमची, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन की-फ्रेममध्ये १० सेकंदांपर्यंत अंतर पडू शकतं. पण विद्यार्थी तीच पायरी पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघतो, त्याला बोट ठेवलं तिथूनच सुरू व्हायला हवं. फाईल थोडी फुगते. सरांना सांगितलं, ते म्हणाले फुगू दे. असं गिऱ्हाईक नशिबाने मिळतं.

नंतरची काही वर्षं बरी गेली.

मग एक मोठी शिकवणी संस्था आमच्याकडून निघून गेली. आमच्यापेक्षा झटपट आणि स्वस्त करून देणारा त्यांना भेटला होता. झटपट होणारच. ग्राफिक्स कार्डाचा हार्डवेअर एनकोडर, एकच ठोक बिटरेट, डीइंटरलेसचा पत्ता नाही. ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलेलं. भूमितीच्या तासाला वर्तुळं लंबवर्तुळं झाली! आवाज एसी-३ तसाच उचलून ठेवलेला, म्हणून कित्येक फोनवर मास्तर नुसते ओठ हलवतात. मराठी सबटायटल चित्रातच कायमची जाळून बसवली, तीही शेपिंग, म्हणजे देवनागरीची जुळणी न करणाऱ्या जुन्या फिल्टरमधून. ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पलीकडे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. तक्रारी आल्या तेव्हा संस्थेने फोन कोणाला केला? आम्हाला. दुरुस्त करून द्या, पण दर त्या झटपटवाल्याचाच लावा. आम्ही करून दिलं, कारण मशीन रिकामी होती. मेमरी कार्डाच्या वेष्टणावर नाव मात्र त्याचंच छापलं गेलं. हे मी विसरलेलो नाही.

पण आम्हाला खरं गळ्याशी आणलं ते फोननेच. एच.२६४ ची हाय प्रोफाइल ही वरची पायरी सहज पेलणारे फोन आले, काहीही गिळणारे प्लेअर आले, आणि अपलोड केलं की आपोआप पाच-सहा आकारांत बदलून देणाऱ्या साइट आल्या. कन्व्हर्ट करायचं तरी कशाला? विचारायलाही कोणी येईना. एनकोडिंगची मशीन विकली, एक ठेवलं. पगार उशिरा झाले, मग पगार घेणारेच कमी झाले. त्या काळात आम्हाला तगवलं सरांनी. मोठ्या स्क्रीनसाठी सगळी व्याख्यानं नव्याने करून घेतली, आणि ती मूळ डीव्हीडीवरून, कारण त्या फेकू नका हे आम्ही त्यांना बजावलं होतं. थ्रीजीपीतून पुन्हा मोठं चित्र काढून द्या म्हणणारे येतात, त्यांच्यापुढे आम्ही हात टेकतो.

काम परतलं ते उलट्या दिशेने. पूर्वी फायली फोनकडे जात, आता फोनकडून येतात. २०१७ पासून आयफोन एचईव्हीसी या एच.२६४ नंतरच्या कोडेकमध्ये रेकॉर्ड करू लागले, ते घरच्या जुन्या फोनवर उघडेना. बदलत्या फ्रेमरेटमुळे एडिटमध्ये ओठ आणि आवाज वेगळे होतात. एचडीआरचे (जास्त उजेड-अंधार टिपणाऱ्या व्हिडिओचे) रंग साध्या स्क्रीनवर धुतल्यासारखे दिसतात, टोनमॅपिंग करून ते साध्या स्क्रीनला बसवावे लागतात.

विचारलं नाही तरी सांगतो. एमकेव्ही कंटेनरमध्ये आधीच एच.२६४ आणि एएसी असेल तर पुन्हा एनकोड करू नका, स्ट्रीम कॉपी करून, म्हणजे आतला माल तसाच उचलून एमपी४ मध्ये ठेवा, काही सेकंदांचं काम. आम्ही त्याचे पैसेही घेत नाही. सगळीकडे चालायला हवं असेल तर एच.२६४, ८ बिट, ४:२:० (रंग साठवायची नेहमीची पद्धत), एएसी. सीआरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला, २० ते २३ च्या मध्ये. फळा असेल तर २० च्या जवळ. फास्टस्टार्ट ही सेटिंग लावा, नाहीतर मूव्ह ॲटम, म्हणजे फाईलची अनुक्रमणिका, शेवटी राहतो आणि नेटवरून बघणारा ताटकळतो. चॅटवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलंत की ॲप पुन्हा दाबणारच.

परवा त्या झटपटवाल्याची नवी जाहिरात पाहिली: “रीएनकोड करूनही मूळ दर्जा शंभर टक्के कायम.” एच.२६४ च्या ज्या सेटिंगवर तो फायली काढतो, त्यावर हे शक्य नाही, असं त्याला सविस्तर लिहून कळवलं आहे. नमुन्यादाखल त्याच्याच फाईलमधलं लंबवर्तुळही जोडलं. उत्तर आलेलं नाही.