कुर्डुवाडी ते परळ: बाकावर भेटलेली माणसं

सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री कुर्डुवाडीला घेते आणि सकाळी दादरला सोडते. या गाडीने किती खेपा झाल्या ते मोजणं मी सोडून दिलंय. स्तनाचा कॅन्सर, परळचं टाटा हॉस्पिटल, सोबत धाकटा भाऊ. आमच्या माढ्याकडून पुढेही कोणाला ना कोणाला याच वाटेने जावं लागेल, त्यांच्यासाठी हे लिहिते.

पहिल्याच खेपेला आमचं अडलं. गावाकडच्या लॅबने बायोप्सीचा रिपोर्ट हातात दिला, पण गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइडही (त्याच्या काचपट्ट्या) मागून घ्यायच्या असतात हे कोणी सांगितलं नव्हतं. टाटात त्या पुन्हा तपासतात. भाऊ त्याच दिवशी परत फिरला. तुम्ही मात्र निघायच्या आधीच लॅबकडून ब्लॉक, स्लाइड, सगळं घेऊन ठेवा. रेशनकार्ड आणि आधारही मूळ आणि झेरॉक्स दोन्ही न्या, महात्मा फुले योजनेला लागतात.

त्या दिवशी मी बाकावर पदरात तोंड घालून रडत होते. शेजारी रत्नागिरीच्या एक मावशी होत्या, डोक्याला रुमाल, मांडीवर फुगलेली फाईल. काय झालं, कुठला कॅन्सर, काही विचारलं नाही. डबा उघडला, अर्धं घावन माझ्या हातावर ठेवलं. "आधी खा गो. नंबर लागायला वेळ आहे अजून."

राहायचं कुठे, हेही त्यांनीच सांगितलं. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी विचारायचं, ते वाट दाखवतात. दादरला हिंदमाताजवळ गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, आमची सोय तिथे झाली. ज्या बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, त्यांच्याच नावाच्या छपराखाली आपण आलो, याचा मला फार आधार वाटला.

तिथे बिहारच्या भाभी भेटल्या. मला मोडकंतोडकं हिंदी, त्यांना मराठीचा गंध नाही. रेडिएशनला त्या सिकाई म्हणायच्या, आम्ही शेक. एवढ्यावर ओळख झाली. केमोच्या लाल औषधानंतर लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, हे मला त्यांनी खुणा करकरून आदल्या रात्रीच सांगितलं होतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी मी घाबरून गेले असते.

दुसऱ्या केमोला निघायच्या आधी केस हातात यायला लागले. दादरला पोचेपर्यंत उशीवर, ब्लाउजवर, सगळीकडे. मावशींनी पिशवीतून स्वतःचा सुती रुमाल काढला. कोरा नको, तो टोचतो, चार वेळा धुतलेलाच हवा म्हणाल्या. त्रिकोणी घडी घातली, कपाळावरून कानांच्या वर घेतली, दोन्ही टोकं मानेमागे आणून मधल्या टोकावर गाठ मारली आणि ते टोक वळवून गाठीत खोवलं. मग माझी हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडून पाहिला. आरशाची गरज पडली नाही.

त्याच खेपेला रात्री दोन वाजता मला थंडी वाजली. भाभींनी थर्मामीटर लावला, 101. केमोत काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, पडलेले असताना 100.4 च्या वर ताप गेला की सकाळची वाट बघायची नाही, तापाची गोळी खाऊन झोपायचं नाही, थेट हॉस्पिटल. भाभींनी भावाला उठवलं, टॅक्सीत माझा हात धरून बसल्या. त्यांची स्वतःची सिकाई दुसऱ्या दिवशी सकाळी होती. थर्मामीटर सामानात सगळ्यात वर ठेवा.

रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या आणि तिकीट खिडकीवरच काढा. पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत. मुंबईत लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं. कागद जवळ ठेवा.

आणि बाकावर बसलात की मोबाइलमध्ये डोकं घालू नका. शेजारच्याला गाव विचारा. आसाम, बंगाल, विदर्भ, कुठून कुठून माणसं आलेली असतात. तोंड आलं तर काय खावं, कोणत्या खिडकीला कोणता कागद लागतो, सगळं तिथे कळतं. औषधाचं मात्र डॉक्टरांनाच विचारायचं. मावशीही हेच बजावायच्या.

मावशी दिवाळीनंतर गेल्या. त्यांच्या मुलाने फोन केला तेव्हा मी रानात होते, बांधावरच बसले. त्यांचा रुमाल अजून माझ्याकडे आहे. केस परत आलेत, तरी तपासणीला जाताना तो पर्समध्ये असतोच.

पुढची तपासणी आषाढीनंतर आहे. भाभींनीही त्याच आठवड्याची तारीख मागून घेतलीय. शेंगाची चटणी तेवढी आण, असा त्यांचा निरोप आलाय. या खेपेला दोन किलो कुटणार आहे, तिखट जरा कमी.