पान बघून घेतलेले गुलाब

गणपतीत घरी आलेलं माणूस आरती झाली की अंगणात जातं आणि हमखास विचारतं, "तुम्ही औषध मारत नाही म्हणता, मग या दिवसांत गुलाबाला पानं कशी?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, "रोपं कुठनं आणलीत?" मला विचाराल तर हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते.

आधी औषध का मारत नाही ते. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षाचं. ऑक्टोबर छाटणी झाली की पहाटे औषध फवारणाऱ्या ब्लोअरच्या आवाजानेच जाग यायची. डाऊनी या बुरशीच्या रोगाने चार दिवसांत घड गेलेले मी पाहिलेत, त्यामुळे बागायतदार फवारतो त्याला मी कधी नावं ठेवणार नाही. त्याचं वर्ष त्यावर आहे. माझ्या अंगणातले गुलाब मात्र देवाला जातात आणि उरलेल्या पाकळ्या गुलकंदाच्या बरणीत. जे नातवंडांच्या तोंडात चमच्याने घालायचं, त्यावर बुरशीनाशक मारायला माझा हात उचलत नाही. बास, एवढंच कारण.

आता रोग. पानावर काळा ठिपका येतो, पण त्याची कड गुळगुळीत नसते, शाई टीपकागदावर पसरावी तशी झालरीची असते. भोवतीचं पान पिवळं पडतं आणि बोट लावलं तरी गळतं. सुरुवात खालच्या पानांपासून होते आणि महिन्याभरात नुसत्या काड्या उरतात. ही डिप्लोकार्पन नावाची बुरशी. पहिल्या वर्षी मी घाबरून माहेरी दादाला फोन केला. तो म्हणाला, "औषधाचं नंतर बघू. पानावर ओल किती तास राहती ते सांग आधी."

त्या एका वाक्यावर माझी बाग उभी आहे. या बुरशीचा बीजाणू पानावर पडला तरी पान साधारण सात तास सलग ओलं राहिल्याशिवाय तो आत शिरू शकत नाही. तिला मानवणारी हवा चोवीस अंशांच्या आसपासची, म्हणजे आपल्या सांगलीचा आषाढ-श्रावणच. आणि ती मुख्यतः पाण्याच्या शिंतोड्यांवरून पसरते. खाली पडलेल्या रोगट पानावर थेंब आपटला की तो बीजाणू घेऊनच वरच्या पानावर उडतो. हे कळल्यावर काय करायचं ते आपोआप सुचत गेलं. संध्याकाळी पाइपने झाडं न्हाऊ घालायची माझी सवय त्याच आठवड्यात मोडली. आता पाणी सकाळी आणि फक्त बुडाशी. दोन झाडांत अडीच फूट, भिंतीपासून दीड फूट, म्हणजे वारा फिरतो. कोजागिरीच्या आसपास छाटताना मधल्या काड्या काढून झाड वाटीसारखं मोकळं ठेवते आणि ज्या काडीवर जांभळट काळे डाग दिसतात ती निर्दयपणे काढते, कारण रोग पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच दबा धरून बसतो.

बुडाशी उसाचं पाचट पसरते. आपल्याकडे त्याला तोटा नाही. चार बोटं जाडीचा थर पावसाळ्याआधी दिला की माती आणि जुनी पानं झाकली जातात, शिंतोडा वर उडत नाही. खोडाला मात्र चिकटवायचं नाही आणि वाळवी दिसली तर लगेच उपसायचं. पावसाळ्यात रोज सकाळी चहाआधी मी एक चक्कर मारते. ठिपक्याचं पान दिसलं की खुडून पिशवीत, खाली पडलेलं असेल तर तेही. ही पानं खताच्या खड्ड्यात घालत नाही, घंटागाडीत देते. दहा मिनिटांचं काम, पण आठ दिवस चुकलं तर झाड लगेच सांगतं.

पण हे सगळं करूनही काही झाडं उघडीबोडकी होतातच. म्हणूनच खरेदीचं सांगायचं.

आपण गुलाब कधी घेतो? जानेवारीत, नर्सरी फुलांनी पेटलेली असताना. तेव्हा सगळीच झाडं देखणी. कोरडी हवा, त्यात फवारलेली. मीही तशीच घेतली होती. एका नर्सरीतून आणलेल्या सहा रोपांपैकी चार श्रावणात नागडी झाली. आता मी भाद्रपदात जाते. तेव्हा नर्सरीत गिऱ्हाईक नसतं, फुलंही फारशी नसतात, आणि ओळीने उभ्या पिशव्यांत दिसतं की चार महिने त्याच पावसात भिजून कोणी पानं धरून ठेवलीत. ती झाडं घ्यायची. औषध कधी मारलं होतं हे माळीमामांना सरळ विचारावं. खरं सांगतात बहुतेक. जर्मनीत एडीआर नावाची परीक्षा आहे, तिथे नवे वाण तीन वर्षं बुरशीनाशकाशिवाय वाढवून बघतात आणि मगच शिक्का देतात. आपल्या पिशवीवर तसला शिक्का नसतो, तेव्हा पावसाळा हीच आपली परीक्षा. त्यातही या बुरशीचे प्रकार अनेक आहेत. एका मुलखात तगणारा वाण दुसरीकडे आडवा होतो. म्हणून कॅटलॉगपेक्षा विश्रामबाग, मिरज, हरिपूर इथल्या लोकांच्या अंगणातलं झाड मला जास्त विश्वासाचं वाटतं.

पिशवी उचलली की बूड बघा. डोळा भरलेली गाठ, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या वाणाचा अंकुर बसवलेली जागा, कुठे आहे, आणि फुटवा गाठीच्या वरून आलाय की खालून. खालून आलेला तो खुंटाचा. तो दिसायला जोमदार असतो, आपल्याला वाटतं झाड काय छान वाढलंय, आणि वर भरलेला डोळा मरून जातो. माझा एक लाल असाच गेला. चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात आलेलं रोप तसंच खड्ड्यात ठेवू नका. गोळा बादलीभर पाण्यात भिजवून माती अलगद सैल करा, नाहीतर मुळं बाहेर येत नाहीत आणि उपाशी झाडाला रोग आधी गाठतो. जागा किमान सहा तास उन्हाची, त्यातही सकाळच्या, म्हणजे दव लवकर उडतं.

रंगाचंही सांगते, कारण पिवळ्याबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. जुन्या बागगुलाबांत गडद पिवळा जवळजवळ नव्हताच. फ्रान्समधल्या ल्यों शहरात पेर्ने-ड्युशे यांनी इराणकडच्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून 1900 मध्ये 'सोलेय द'ऑर' आणला आणि त्या वंशातून आजचे पिवळे-केशरी गुलाब आले. त्या इराणी पूर्वजाला काळ्या ठिपक्यांची फार बाधा होते, रंगाबरोबर तो नाजूकपणाही पोरांत उतरला. म्हणून पिवळं झाड घेताना जास्त पारखून घ्या. आमच्याकडचा गावठी गुलाबी मात्र बिनतक्रार उभा असतो. फूल साधं, दोन दिवसांत झडणारं, पण वास असा की गुलकंदाला दुसरा घालायचा विचार येत नाही.

एकही ठिपका नको, असं मात्र माझ्याकडे मागू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण दिवसेंदिवस ऊन पडलं नाही आणि गावठी सोडून सगळ्या झाडांची पानं गेली. ऑक्टोबरात छाटल्यावर बहुतेक पुन्हा फुटली. एरवी पावसाळ्यात तिसरा हिस्सा पानं गेली तरी मी मनाला लावून घेत नाही, थंडीची फुलं त्याने अडत नाहीत. जे झाड दोन पावसाळे लागोपाठ उघडं पडतं ते काढून टाकते. पहिल्यांदा फार जड गेलं होतं.

एकच अपवाद. सासूबाईंना पिवळा गुलाब फार आवडायचा आणि त्यांनी स्वतः आणलेलं झाड ठिपक्यांनी दरवर्षी हैराण. ते मी जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत लावलं. मृग लागला की कुंडी पोर्चच्या पत्र्याखाली जाते, जिथे पाऊस लागत नाही पण पूर्वेचं ऊन येतं, आणि दसऱ्याला बाहेर येते. पान भिजतच नाही, तर ठिपका कुठून येणार? त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या तिथीला अजून त्याच झाडाचं फूल असतं.

तुम्हाला माझ्याकडचं काही हवं असेल तर भाद्रपदात या, पाऊस चालू असताना. कोणती झाडं हिरवी आहेत ते स्वतः बघा, खूणगाठ बांधून जा, आणि थंडी पडली की डोळे न्यायला परत या. गावठीच्या काड्या तर कधीही देईन.