एकच ग्रेव्ही, तीन नावं

आज पुण्यात एकाच टेबलावर तांबडा रस्सा, मालवणी चिकन आणि बांगड्याचं तिखलं (माशाचं कोकणी कालवण) मागवलं. तिन्हींच्या तळाशी तीच कांदा-टोमॅटो-काजूची ग्रेव्ही! वाईट वाटलं, कारण या तिन्हींत फरक वाटणाचाच असतो.

तांबड्याला मटणाचं अळणी पाणी हवं, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि कांदा-लसूण मसाला. रस्सा पातळच असतो, वर तेलाचा लाल तवंग. चमच्याला चिकटला तर समजा, काजू पडलेत. पांढरा रस्सा त्याहून नाजूक: नारळाचं दूध शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळलं की फुटतं.

मालवणीत ओलं खोबरं आणि कांदा पार तपकिरी होईस्तोवर परतायचा. घाईने गुलाबीवर थांबवलं की रस्सा गोडसर, कच्चट लागतो. नुसता मालवणी मसाला ढकलून ती खमंग चव येत नाही.

तिखल्यात अर्धा किलो बांगड्याला सहा-सात तिरफळं (जिभेला चुणचुणणारा कोकणातला मसाला) पुरतात. आतलं काळं बी काढून टाकायचं, सालं जराशी ठेचून घालायची. वाटणात वाटली की तिखलं कडवट होतं. आंबटपणा कोकमाचा, टोमॅटोचा नाही. आजच्या ताटलीत तिरफळ औषधालाही नव्हतं.